'हौशी' कोण? : विद्यापीठाबाहेरील मानव्यविद्या आणि आपला ज्ञानव्यवहार

१

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीच्या बैठकीस मी सदस्य म्हणून उपस्थित होतो. एका विद्यार्थिनीने ग्रामदैवतांविषयीच्या मौखिक परंपरेवरील आपला आराखडा मांडला. तिच्या मांडणीचा बराचसा भार एका गृहस्थांच्या दोन पुस्तकांवर होता. टपाल खात्यातील नोकरी सांभाळून या गृहस्थांनी जवळजवळ पंचवीस वर्षे आपल्या तालुक्यातील दैवतांविषयी माहिती जमवली होती, तिच्यावर विचार केला होता आणि पदरमोड करून तो विचार छापला होता. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी आराखडा चाळला आणि एक सूचना केली : "हे हौशी लेखन आहे. साधनसामग्री म्हणून अवश्य वापरा. पण पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात त्याचा समावेश नको." विद्यार्थिनीने मान डोलावली. आराखडा दुरुस्त होऊन मंजूर झाला. मी काहीही बोललो नाही.

सूचना वरवर पाहता तांत्रिक आणि निरुपद्रवी होती. पुस्तके वगळा असे कोणी म्हटले नव्हते. त्यांची जागा तेवढी बदलली होती. परंतु या स्थलांतराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात ज्याचे नाव येते त्याला मत असते. त्याच्याशी सहमत व्हावे लागते किंवा त्याचे खंडन करावे लागते. साधनसामग्रीच्या यादीत ज्याचे नाव येते तो मात्र माहिती पुरवतो, त्याला मत नसते. शिलालेख, मडक्याचा तुकडा किंवा जात्यावरची ओवी यांच्याशी जसा कोणी वाद घालत नाही, तसा त्याच्याशीही घालावा लागत नाही. त्या गृहस्थांच्या पुस्तकात एक सिद्धांत होता; तो चुकीचाही असेल. पण तो चूक आहे हे दाखवण्याची जबाबदारी एका वाक्याने टळली. मराठीच्या विद्यापीठीय ज्ञानव्यवहाराने विद्यापीठाबाहेरच्या अभ्यासकाशी आपले नाते याच पद्धतीने जुळवले आहे, आणि ही पद्धत बौद्धिकदृष्ट्या अप्रामाणिक आहे, असे माझे म्हणणे आहे.

२

'हौशी' या शब्दात गृहीत धरलेला क्रम असा : आधी विद्यापीठीय शिस्त, मग तिच्या परिघावर बाहेरच्यांचे उत्साही परंतु अनियंत्रित लेखन. मराठी वाङ्मयेतिहासाची वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. विनायक लक्ष्मण भावे हे ठाण्याचे. शिक्षण विज्ञानाचे, व्यवसाय मिठाचा. त्यांचे 'महाराष्ट्र सारस्वत' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'ग्रंथमाले'तून प्रसिद्ध होऊ लागले, त्या काळात मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून न्या. रानड्यांना झगडावे लागत होते. म्हणजे मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला जात होता, पण तो शिकवण्याची सोय मात्र व्हायची होती. वि. का. राजवाडे पदवीधर होते; पण 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हा बावीस खंडांचा प्रपंच त्यांनी कोणत्या विभागाच्या आश्रयाने केला नाही. गावोगावची दप्तरे पालथी घालत, उपाशीतापाशी हिंडत त्यांनी तो उभा केला. श्री. व्यं. केतकरांकडे तर अमेरिकेतील विद्यापीठाची डॉक्टरेट होती. तरीही 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड त्यांना स्वतःचे मंडळ काढून, वर्गणीदार गोळा करून सिद्ध करावे लागले.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हा प्रारंभकाळ होता. विभागच नव्हते, म्हणून बाहेरच्यांनी काम केले. पुढे विद्यापीठे उभी राहिली आणि त्या स्वयंसेवेची गरज संपली. हा आक्षेप तारखांपुढे टिकत नाही. दुर्गाबाई भागवतांचे 'लोकसाहित्याची रूपरेखा' १९५६ चे, 'व्यासपर्व' १९६२ चे. तोवर महाराष्ट्रात विद्यापीठे होती आणि त्यांत मराठीचे अध्यापनही चालू होते. बाईंच्या आयुष्याचा मोठा भाग मात्र मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात गेला. रा. चिं. ढेरे यांचे 'लज्जागौरी' १९७८ मध्ये आणि 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी विद्यापीठाच्या पदव्या घेतल्या, हे खरे. परंतु त्यांचे संशोधन कोणत्याही प्राध्यापकपदाच्या आधाराने चालले नव्हते. शरद पाटील धुळ्याकडील पक्षकार्यकर्ते. चळवळ करता करता ते संस्कृत आणि पाणिनीचे व्याकरण शिकले, 'सत्यशोधक मार्क्सवादी' हे नियतकालिक चालवले आणि १९८८ मध्ये 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले. लोकसाहित्य, दैवतशास्त्र, सौंदर्यशास्त्र ही तीनही क्षेत्रे आज अभ्यासक्रमात प्रतिष्ठित आहेत, आणि या तिन्हींत ज्यांच्याशी झुंजल्याशिवाय पुढे जाता येत नाही असे ग्रंथ विद्यापीठीय नोकरीबाहेर लिहिले गेले आहेत.

तेव्हा 'हौशी' हा शब्द इतिहासाचे वर्णन करीत नाही. तो आजच्या अधिकाराचे रक्षण करतो. ज्ञान आणि सत्ता यांच्या संबंधांवर फुकोचे दाखले देत आपण चर्चासत्रे भरवतो. त्या सत्तेचा सर्वांत घरगुती नमुना आपल्याच समितीच्या इतिवृत्तात असतो, तो आपल्याला दिसत नाही.

३

बाहेरच्या अभ्यासकांचे कर्तृत्व मान्य करणे तुलनेने सोपे असते. जयंत्या, गौरवग्रंथ, विशेषांक यांतून आपण ते करतोच. अधिक अवघड आहे ती त्यांची पद्धत समजून घेणे. मार्गदर्शक नाही, परीक्षक नाही, सहामाही प्रगती अहवाल नाही, अशा स्थितीत अभ्यासाला शिस्त आणली कोणी? माझे उत्तर असे, की लेखनाने आणली. येथे लेखन म्हणजे पूर्ण झालेल्या अभ्यासाचे निवेदन असे मला म्हणायचे नाही. अभ्यास ज्यातून घडला ती क्रियाच लेखनाची होती, आणि ती लोकांदेखत चालत होती.

आपल्या प्रबंधव्यवहारात लेखन शेवटी येते. सामग्री जमवायची, प्रकरणे पाडायची आणि मुदत जवळ आली की 'लिहायला बसायचे'. प्रबंध बांधून दाखल होतो. दोन-तीन परीक्षक तो वाचतात. मौखिकीत वाद कमी आणि अभिनंदन अधिक होते. मग तो ग्रंथालयाच्या कपाटात जातो. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण त्याच्या पहिल्या आवृत्तीला वाचक नव्हता.

याच्या शेजारी 'महाराष्ट्र सारस्वता'ची वाटचाल ठेवून पाहावी. ते आधी मासिकातून लेखरूपाने आले. १९१९ मध्ये पुन्हा आले ते विस्तारून आणि बदलून. मधल्या दोन दशकांत नवी हस्तलिखिते हाती लागली होती, महानुभावांच्या सांकेतिक लिपीतील पोथ्यांचे कुलूप उघडले होते, आणि मराठी वाङ्मयाच्या आरंभाविषयीचे चित्रच पालटत होते. भाव्यांनी आपला इतिहास त्या पालटाबरोबर पुन्हा लिहिला. आपले पूर्वीचे विधान अपुरे होते हे छापून मान्य करण्याची सोय या पद्धतीत होती, आणि सक्तीही होती, कारण पहिले लेखन वाचलेले लोक हयात होते. भाव्यांच्या नंतर डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी याच ग्रंथाला पुरवणी जोडली. तुळपुळे विद्यापीठीय अभ्यासक होते, प्राचीन मराठीचे आणि कोरीव लेखांचे अधिकारी पुरुष होते. मिठाच्या व्यापाऱ्याचा ग्रंथ बाजूला सारून त्यांना स्वतंत्र इतिहास उभारता आला असता. पण त्यांनी त्या ग्रंथाला संशोधन मानले, त्यातील उणिवा भरल्या आणि त्याचे आयुष्य वाढवले. आत आणि बाहेर यांच्यातील नात्याचा याहून चांगला नमुना मला आपल्याकडे दिसत नाही. आपण त्याला परंपरा केले नाही.

या लोकांदेखत चाललेल्या अभ्यासाच्या मागे संस्थाही होत्या. फक्त त्या विद्यापीठे नव्हत्या. १८६७ ते १९३७ अशी सात दशके चाललेले 'विविधज्ञानविस्तार', १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १९१० चे पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाड्यांच्या मृत्यूनंतर धुळ्यात उभे राहिलेले संशोधन मंडळ ही या विद्येची खरी अधिष्ठाने. तेथे निबंध वाचला की त्याच सभेत हरकत घेतली जाई. मासिकात लेख आला की पुढच्या अंकात उत्तर येई. कधी ते कडवट असे, कधी वैयक्तिकही. परंतु लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असे : आपले विधान वाचणारा, आणि ते खोडण्याची इच्छा व कुवत असणारा कोणीतरी कोठेतरी आहे. माझ्या मते विद्वत्तेची ही किमान अट आहे. ती पदवीने पुरी होत नाही आणि पदवीच्या अभावाने मोडतही नाही.

४

ही अट पुरी झाली नाही तर काय होते, याचे उदाहरण १८८२ चे आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी खटल्याच्या निमित्ताने 'पुणेवैभवा'त स्त्रियांविषयी जे लिहून आले, त्याला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. तिला जाहीरनामा म्हणून आता मान मिळाला आहे. पण ती एका वाचणाऱ्या स्त्रीचे पुस्तक आहे, हे आपण पुरेसे ध्यानात घेत नाही. ताराबाई शास्त्रवचने तपासतात, पुराणकथांना प्रश्न विचारतात, आणि आपल्या काळातील नाटक-कादंबऱ्यांमधली स्त्री कोणी आणि कोणत्या सोयीने रंगवली याची झडती घेतात. संहितेतील पुरुषदृष्टी उघडी पाडणारी ही समीक्षा आहे. शाळा-महाविद्यालयांनी तिला घडवले नव्हते. उत्तर देण्याच्या गरजेतून, लिहिता लिहिता ती घडली.

तिला प्रत्युत्तर काय मिळाले? टवाळी. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सारा'त तिची बाजू घेतली, हा अपवाद. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याकडे नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा प्रकाशात आणली, तोवर नव्वदेक वर्षे लोटली होती. येथेही विद्यापीठीय अभ्यासकाच्या हातून ऋण फेडले गेले, हे आनंदाने नोंदवायला हवे. पण मधल्या नव्वद वर्षांत एका लिहित्या बुद्धीला प्रतिवादी मिळाला असता तर दुसरे, तिसरे पुस्तक काय झाले असते, हा प्रश्न त्या पुनर्मुद्रणाने मिटत नाही. टवाळी म्हणजे प्रतिवाद नव्हे. कौतुकही नव्हे.

५

येथवरच्या विवेचनावरून मी स्वयंशिक्षिताचे स्तोत्र गात आहे असा समज होईल, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडतो. आपल्याकडे 'स्वयंभू विद्वान' नावाची एक दंतकथा आहे. विद्यापीठाने नाकारलेला, एकाकी, फटकळ, म्हणूनच सत्यवादी असा तो पुरुष असतो. दंतकथेतही तो बहुधा पुरुषच असतो, हे ताराबाईंच्या संदर्भात ध्यानात यावे. ही दंतकथा 'हौशी' या शब्दाइतकीच घातक आहे. कारण तीही त्या माणसाशी वाद घालण्याच्या कष्टातून आपली सुटका करते. एक त्याला दाराबाहेर उभे करते, दुसरी देव्हाऱ्यात बसवते.

राजवाड्यांचेच पाहा. कागद शोधणारे आणि त्यांचा अर्थ लावणारे राजवाडे थोर होते. व्युत्पत्तीच्या प्रांतात मात्र त्यांची कल्पकता पुष्कळदा पुराव्याला मागे टाकून धावली, आणि त्यांच्या इतिहासदृष्टीत वर्णाभिमानाची एक धार कायम राहिली. हे दोष पदवी नसल्याचे नव्हेत. पदवी त्यांच्याकडे होती. जेथे त्यांना तुल्यबळ विरोधक भेटला तेथे त्यांची विधाने तावून सुलाखून निघाली. जेथे भक्त भेटले तेथे ती तशीच राहिली. साधनांच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी पानिपतच्या पराभवाची मीमांसा केली होती. त्र्यं. शं. शेजवलकरांनी तिच्यापुढे मान तुकवली नाही. 'पानिपत : १७६१' या ग्रंथात त्यांनी तो सारा प्रश्न नव्याने तपासायला घेतला. राजवाड्यांचा खरा आदर मला त्या तपासणीत दिसतो. त्यांच्या विक्षिप्तपणाच्या आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात दिसत नाही.

शरद पाटलांच्या बाबतीत आपण दोन्ही अपराध एकदम केले. दिङ्‌नाग-धर्मकीर्तींच्या तर्कपरंपरेपासून जाणीव-नेणिवेची मांडणी करून मराठी सौंदर्यविचाराला मुळापासून आव्हान देणारा हा लेखक. त्याच्या अनुयायांनी त्याला प्रमाणग्रंथ मानले. विद्यापीठीय सौंदर्यशास्त्राने त्याचे नाव यादीत घातले आणि आपला पाठ्यक्रम जसाच्या तसा चालू ठेवला. त्यांच्या शब्दार्थनिश्चितीतले धोके कोणते, बौद्ध तर्कशास्त्रातून साहित्याच्या सौंदर्यशास्त्राकडे त्यांनी घेतलेली उडी कितपत समर्थनीय, हे प्रश्न पानोपानी विचारायला हवे होते. किती विभागांनी ते विचारले? २०१४ मध्ये पाटील गेले. आता त्यांच्यावर प्रबंध होतील. उत्तर द्यायला ते नाहीत.

६

आता आपल्या घरात डोकावू. 'हौशी' या शब्दाचा प्रतियोगी शब्द 'व्यावसायिक'. या व्यावसायिकाचे लेखन गेल्या काही वर्षांत कसे चालले? २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक आणला. लेखाला गुण, ग्रंथाला गुण, चर्चासत्रातील निबंधाला गुण. हेतू कदाचित स्तुत्य असेल. प्राध्यापकांनी लिहावे असे कोणाला वाटणार नाही? परंतु गुण लेखाच्या अस्तित्वाला होते, त्याच्या वाचनाला नव्हते. बघता बघता पैसे भरून लेख छापणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आवर घालण्यासाठी २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, आणि २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही मागे घेतली. या सगळ्या उलाढालीत 'हा लेख कोणी वाचला, आणि वाचून कोणाचे मत बदलले?' हा प्रश्न कोणत्याही रकान्यात नव्हता.

मी हे तटस्थपणे सांगत नाही. त्या वर्षांतील माझ्याही नावावर असे लेख आहेत. पदोन्नतीच्या अर्जाला जोडण्यासाठी ते लिहिले, जोडले, मोजले गेले. त्यांतील एकाही लेखाविषयी मला कधी पत्र आले नाही; कोणी रागावले नाही, कोणी चूक दाखवली नाही. टपाल खात्यातील त्या गृहस्थांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मात्र अखेरीस चार पाने दुरुस्त्यांची आहेत. ज्या गावांतील लोकांनी पहिली आवृत्ती वाचून हरकती घेतल्या त्या गावांची नावे देऊन, कोणती हरकत मान्य केली आणि कोणती का केली नाही याची कारणे त्यांनी दिली आहेत. कसोटीच लावायची तर तिला उत्तरदायित्वाची कसोटी म्हणावे लागेल. तिच्यावर त्यांच्यातला आणि माझ्यातला 'हौशी' कोण, याचा निर्णय वाचकांनी करावा.

७

"मग निकष कोणते ठेवायचे? दार उघडले की वाटेल ते आत येईल." हा आक्षेप मी हलका मानत नाही. विद्यापीठ ज्या गोष्टी देऊ शकते त्या खरोखरच मोलाच्या आहेत : जुन्या लिपी आणि भाषा शिकवणारे गुरू, संग्रह, संहितासंपादनाची शिस्त, आपल्या विषयापलीकडचे वाचायला लावणारी सक्ती. बाहेरच्या अभ्यासकाला यांतील प्रत्येक गोष्टीसाठी आयुष्याची वर्षे मोजावी लागतात, आणि त्याच्या अनेक चुका या वंचनेतून येतात. परंतु पुराव्याचा उगम सांगणे, विरुद्ध पुरावा न दडवणे, पूर्वसूरींचे ऋण मान्य करणे आणि चूक दाखवली असता ती सुधारणे हे निकष कोणत्याही संस्थेची मालमत्ता नाहीत. ते दारावर लावायचे नसतात, लेखनाला लावायचे असतात. लेखन न वाचताच, लेखकाच्या नोकरीकडे पाहून जो निकाल दिला जातो, त्यात निकष असतो कोठे?

म्हणून माझी मागणी गौरवाची नाही, वादाची आहे. विद्यापीठीय ग्रंथालयांचे वाचनकक्ष नोंदणीकृत विद्यार्थी नसलेल्या अभ्यासकाला अर्जविनंत्यांच्या फेऱ्यांशिवाय खुले असावेत. ज्या विषयावर बाहेरचा अभ्यासक अधिकाराने लिहितो त्या विषयाच्या चर्चासत्रात त्याला निबंधवाचक म्हणून बोलवावे. उद्घाटनाचा पाहुणा म्हणून नव्हे. आपल्या समीक्षा-नियतकालिकांनी तालुक्याच्या गावी छापलेल्या पुस्तकांची परीक्षणे सौजन्याचा स्वर टाकून, विधानांवर बोट ठेवून करावीत. आणि संशोधनाच्या आराखड्यात ज्याने सिद्धांत मांडला आहे त्याची जागा पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात असावी, मग तो पोटापाण्यासाठी काहीही करीत असो.

बाहेरच्या अभ्यासकांकडूनही एक अपेक्षा आहे. विद्यापीठाच्या उपेक्षेचे भांडवल करून टीकेपासून सुटका मागू नये. 'मी काही प्राध्यापक नाही' हे वाक्य नम्रतेचे असते तेव्हा शोभते. ढाल म्हणून पुढे केले जाते तेव्हा 'हौशी' हा शिक्का आपल्याच हाताने मारून घेतला जातो.

ती विद्यार्थिनी आता पदवीधारक आहे. तिच्या प्रबंधात त्या दोन पुस्तकांची नावे परिशिष्टात, साधनांच्या यादीत आहेत. त्यांतील सिद्धांताशी माझे तीव्र मतभेद आहेत. ग्रामदैवतांच्या स्थलांतराचा त्यांनी लावलेला क्रम मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे मी त्या बैठकीत सांगू शकलो असतो. तसे केले असते तर ती पुस्तके आपोआपच पूर्वसंशोधन ठरली असती. मी गप्प बसलो. त्या ग्रंथकाराला माझ्याकडून सविस्तर खंडनाचे देणे आहे, आणि ते लिहायला मी आता घेतले आहे.